झुंबरचे पाच आठवडे

झुंबर बडगुजर गेली बावीस वर्षं रोज आठ तास अंधाऱ्या खोलीत बसून काम करतो. सिल्वासातल्या किलवणी रस्त्यावरच्या त्याच्या कारखान्यात पॉलिस्टरच्या धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, तयार होतात. खोक्यात भरण्याआधी एकेक कोन या खोलीत आणून जांभळ्या ट्यूबलाइटखाली फिरवून पाहतात. साध्या उजेडात सगळे कोन सारखेच पांढरे दिसतात. जांभळ्या उजेडात मात्र दुसऱ्या लॉटचा चुकून मिसळलेला कोन वेगळा चमकतो. तो नजरेतून सुटला तर पुढे कापडावर पट्टा उमटतो आणि सगळा माल परत येतो. कारखान्यात या खोलीला यूव्ही म्हणतात, आणि यूव्ही म्हणजे बडगुजर हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

टोकरखाड्यातल्या आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत तो २००९ पासून राहतो. मूळ धुळ्याकडच्या शिंदखेडा तालुक्यातला. बायको दुर्गा. मुलगी गुड्डी लग्न होऊन नंदुरबारला गेली. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून आसपासचे सगळे मला टीचर म्हणतात आणि तोही म्हणतो. माझे यजमान जयवंतराव बांधकाम खात्यात होते. ते गेले त्या वर्षी दिवसकार्याला आलेल्या माणसांच्या चपला कुणी नीट लावल्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तो झुंबर होता.

बाजारात टोमॅटो घेतानाही तो प्रत्येक टोमॅटो उजेडाकडे धरून फिरवतो. भाजीवाले वैतागतात. दुर्गा म्हणते, "लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा बरं झालं, हे यूव्हीत नव्हते. नाहीतर मलापण फिरवून बघितलं असतं."

२०२१ साली त्याला शौचातून रक्त जाऊ लागलं. मूळव्याध समजून त्याने वर्षभर चूर्ण खाल्लं आणि घरात अक्षर काढलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये वापीच्या डॉ. सामंतांनी ऑपरेशन केलं. मोठ्या आतड्याचा खालचा वीतभर भाग कॅन्सरच्या गाठीसकट काढून उरलेली दोन टोकं त्यांनी धातूच्या बारीक पिनांनी जोडली. मग सहा महिने केमो झाली. मार्च २०२३ मध्ये झुंबर पुन्हा यूव्हीत जाऊन बसला.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की पहिली दोन-तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून राहायचं. आजार परतला तर बहुतेक याच काळात परततो, आणि थोडक्यात असताना सापडला तर पुन्हा काढता येतो. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्ताची सीईए नावाची तपासणी, ठरल्या वेळी सीटी स्कॅन आणि वर्षाने दुर्बिणीने आतड्याची तपासणी. कागद सगळे इंग्रजीत. ते लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक फाईल केली, तारखेप्रमाणे कागद लावले आणि आकडे माझ्या डायरीतही उतरवत गेले.

सीईए पाचच्या आत असावा लागतो. त्याचा वर्षभर अडीचच्या आसपास होता. जानेवारी २०२४ मध्ये ४.९ आला. फेब्रुवारीत पुन्हा पाहिला तर ७.८.

२१ फेब्रुवारीला सीटी झाला. त्यात दोन गोष्टी लिहून आल्या. आतड्याच्या जोडाच्या मागे, माकडहाडाच्या पुढे, थोडी जाडी दिसत होती. आणि लिव्हरमध्ये आठ मिलिमीटरचा एक ठिपका होता. जाडी ही ऑपरेशनची जुनी खूण असेल किंवा परत आलेला आजार असेल. ठिपका तर इतका बारीक, की त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. सीटी आकार दाखवतो, पण भरलेली जखम आणि वाढती गाठ त्यात एकाच राखाडी रंगाच्या दिसतात. म्हणून रिपोर्टच्या शेवटी पुढची तपासणी सुचवली होती: पीईटी-सीटी.

२६ फेब्रुवारीला नवरा-बायको रिपोर्ट घेऊन वापीला गेले. माझे गुडघे दुखत होते, मी गेले नाही. त्या दिवशी डॉक्टरांकडे फार गर्दी होती. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं, "पेट स्कॅन करून घ्या आणि पंधरा दिवसांत रिपोर्ट दाखवा." चिठ्ठी फाईलमध्ये आली, फाईल माझ्या कपाटात आली.

३ मार्च, रविवार. सकाळी झुंबर नारळ घेऊन माझ्या पायरीशी उभा.

"टीचर, झालं स्कॅन काल. नॉर्मल. एकदम क्लिअर."

"इतक्या लवकर नंबर लागला?"

"लागला ना. गर्दीच नव्हती."

दुर्गा मागून म्हणाली, "मी तर म्हणतच होते, त्या मशीनला काय कळतं. माणूस भाकरी खातो, कामाला जातो, अजून काय पाहिजे?"

नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं आणि डायरीत लिहिलं, "झुंबरचा पेट स्कॅन नॉर्मल. देवाची कृपा." रिपोर्ट मी पाहिला नव्हता. तो त्यांच्या ट्रंकेत होता आणि मी मागितला नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, की जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्यापुढे 'असे कळले' लिहावं. साठ वर्षं मी ते पाळत आले. त्या दिवशी ते दोन शब्द लिहिले नाहीत.

पंधरा दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं राहिलंच. नॉर्मल आहे तर कशाला जायचं, असं झुंबरने ठरवलं. पुढची तारीख मेमध्ये होतीच.

६ एप्रिलला, शनिवारी, दुर्गा पाडव्याची साफसफाई करत होती. ट्रंक रिकामी करताना तिला पाकीट सापडलं आणि ते घेऊन ती माझ्याकडे आली. "टीचर, हे तुमच्या फाईलीत लावा. माझ्याकडे उंदीर खातील."

कागदाला भोकं पाडायला मी पाकीट उघडलं. आत एक पान आणि बोटाएवढे काळे-पांढरे फोटो असलेली चकचकीत पट्टी होती. पानाच्या माथ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: संपूर्ण पोटाची सोनोग्राफी.

मला वाटलं, पाकीट बदललं असेल. नाव पाहिलं. झुंबर बडगुजर, वय बावन्न. तारीख २ मार्च.

"दुर्गा, झुंबरला बोलाव. आत्ताच्या आत्ता."

तो हात पुसत आला. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"हे कुठे केलंस?"

"नाक्यावर. त्या नव्या सेंटरमध्ये. का?"

"हाताला सुई लावून औषध दिलं होतं? तासभर झोपवून ठेवलं होतं?"

"नाही ब्वा. पोटावर थंडगार जेल लावलं, मशीन फिरवलं. दहा मिनटात मोकळा."

"तू तिथे सांगितलंस काय?"

"काय सांगणार? म्हटलं, पेट का स्कॅन करना है. ती बाई म्हणाली, खाली पेट हो? म्हटलं, हां, सकाळपासून चहासुद्धा नाही." त्याच्या आवाजात अजून थोडी शाबासकीची अपेक्षा होती.

"आणि डॉक्टरांची चिठ्ठी?"

"ती तुमच्या कपाटात. तुम्ही वाचनालयात गेलेल्या. म्हटलं, पोटाच्या स्कॅनला चिठ्ठी कशाला लागते?"

मी म्हटलं, "झुंबर, पेट म्हणजे पोट नाही. ती इंग्रजी अक्षरं आहेत, पी, ई, टी. वेगळ्या मशीनचं नाव आहे ते. डॉक्टरांनी सांगितलेलं स्कॅन झालेलंच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. कारखान्यात हिंदी, मालकाशी गुजराती, माझ्याशी मराठी, घरी अहिराणी. चार भाषांत वावरणारा माणूस. त्यातल्या दोन भाषांत पेट म्हणजे पोटच. आजार पोटाचा, ऑपरेशन पोटाचं. त्याला शंका यावी तरी कुठून?

दुर्गा आधी समजली. ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. "म्हंजे ते व्हयनंच नही?"

"पण नॉर्मल लिहिलंय ना, टीचर?" झुंबर म्हणाला. "पोट तर बघितलं ना त्यांनी. नॉर्मल ते नॉर्मल."

"त्यांना जे दिसलं ते नॉर्मल होतं. जोडाच्या मागची जागा वरून जेल लावून दिसत नाही, मध्ये आतड्यातला वारा येतो. आणि लिव्हरमधला आठ मिलिमीटरचा ठिपका त्यात सुटू शकतो. तू साध्या बल्बखाली कोन बघून पास करशील का?"

हे त्याला लागलं. मग हळूच त्याने विचारलं, "किती दिवस झाले?"

मी डायरी न बघता सांगितलं. पाच आठवडे.

८ एप्रिलला, सोमवारी, मी गुडघ्यांना पट्टे बांधून त्यांच्याबरोबर वापीला गेले. झुंबरच्या शिफ्टचा सुपरवायझर गोकुळ रजा टाकून आपली गाडी घेऊन आला होता. तोही धुळ्याकडचाच, वयाने झुंबरपेक्षा लहान. वाटेत एरवी त्याची टकळी चालू असते. त्या दिवशी तो भिलाडच्या फाट्यापर्यंत एकदाच बोलला: "भाऊ, पट्टा लाव." झुंबरने पट्टा लावला.

डॉ. सामंत मालवणकडचे, बोलणं मोजकं. सोनोग्राफीचा कागद त्यांनी पाहिला, उलटून पाहिला, आणि मग काय झालं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"मी पेट स्कॅन म्हणालो."

"हो साहेब," झुंबर म्हणाला, "आणि मी पेटचं केलं."

"सुरतला जा, असं मी सांगायला हवं होतं. ते मशीन सिल्वासात नाही. तेवढं सांगितलं असतं तरी तुम्ही नाक्यावर गेला नसता." त्यांनी लगेच फोन उचलला. परवाचा नंबर मिळाला. रक्तही तिथेच घेतलं. संध्याकाळी सीईएचा आकडा माझ्या फोनवर आला. १३.२.

तो दुर्गाला सांगायचा की नाही, यावर मी अर्धा तास घालवला. शेवटी तीच आली. "टीचर, आकडा आला असेल. तुमचा दिवा मघापासून चालू आणि तुम्ही बाहेर आल्या नाहीत." मी सांगितला. ती म्हणाली, "यांना उद्या सांगू. आज जेवू द्या."

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारली, श्रीखंड मात्र आणलं नाही. आदल्या दिवशी गोड खायचं नाही, अंगमेहनत करायची नाही, असा स्कॅनचा नियम होता. झुंबर दिवसभर खाटेवर बसून होता. त्याच्या हातांना काम नसलं की तो बोटांनी हवेत कोन फिरवतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

१० एप्रिलला पहाटे निघून आम्ही सुरतला पोचलो. या वेळी चिठ्ठी माझ्या हातात होती. काउंटरवरच्या मुलीला मी ती मोठ्याने वाचायला लावली. तिने नवलाने पाहिलं, पण वाचली. मग झुंबरने तपासणीचं नाव स्वतःच्या तोंडाने म्हटलं. मग तिने त्याच्या मनगटावर पट्टी बांधली.

आधी बोट टोचून साखर पाहिली. ती ठीक निघाल्यावर हाताच्या शिरेत औषध दिलं. आतल्या टेक्निशियनने आम्हाला चांगलं समजावून सांगितलं: औषध म्हणजे साखरेसारखाच एक पदार्थ, त्याला किरण सोडणारा कण जोडलेला. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात, इतरांपेक्षा जास्त साखर ओढून घेतात. तासाभराने मशीनखाली नेलं, की जिथे ती साखर साठली असेल ती जागा चित्रात उजळते. पण या तासात हलायचं नाही आणि बोलायचंही नाही, नाहीतर साखर स्नायूच खातात. जवळही कुणी बसायचं नाही.

त्याला एका लहान खोलीत नेऊन दिवा मालवला. दारावरच्या काचेतून त्याचे फक्त पाय दिसत होते. दुर्गा त्या पायांकडे तासभर उभ्याने बघत राहिली. एकदा डावा अंगठा हलला तर ती कुजबुजली, "हलू नका हो." काचेपलीकडे काय ऐकू जाणार!

बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, कसं वाटलं? म्हणाला, "अंधारच होता. आपल्या कामासारखं. फक्त या वेळी कोन मी."

संध्याकाळपर्यंत लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या जवळ जायचं नाही, अशी सूचना होती. गोकुळने गाडीत त्याला मागच्या सीटवर एकटं बसवलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा चेष्टा केली. "भाऊ, आज सेकंड शिफ्टला ये. तुला यूव्हीत उभा करतो. सगळे कोन रिजेक्ट, एकटा तूच पास."

"पास की फेल ते परवा कळेल," झुंबर म्हणाला.

१२ एप्रिल. डॉ. सामंतांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर झुंबरचा माणूसभर आकार होता आणि डोक्यात, छातीत, ओटीपोटात नारिंगी उजेड पेटला होता. दुर्गाने माझा दंड इतक्या जोरात धरला, की वळ दुसऱ्या दिवशीही होता.

"एवढं पसरलं?"

"नाही, नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. "मेंदू साखरेवरच चालतो, तो सगळ्यांचा चमकतो. हृदयाचंही तसंच. आणि खाली लघवीची पिशवी, औषध तिथूनच बाहेर पडतं. हे सोडून बघायचं." त्यांनी चित्र थांबवलं. "ही जोडाच्या मागची जाडी. इथे उजेड नाही. ही जुनी खूण असणार. ही चांगली बातमी."

आम्ही चौघेही वाईट बातमीची वाट पाहत होतो.

"आणि हे लिव्हर."

तिथे एक ठिपका होता. लहान, पण चुकण्यासारखा नव्हता.

झुंबर खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेला. इतक्या दिवसांत घाबरलेला झुंबर मी पाहिला होता. आता समोर बसला होता तो कामावरचा झुंबर. त्याने चित्र पुढे-मागे करायला लावलं. मग विचारलं, "साहेब, हा लॉट मिक्स आहे की तेलाचा डाग?"

डॉक्टरांना काही कळेना. गोकुळने समजावलं, "साहेब, आमच्याकडे यूव्हीत दुसऱ्या लॉटचा धागा चमकतो. पण मशीनचं तेल सांडलं असेल तर तेपण चमकतं. तेल असेल तर पुसून माल पास होतो. ते विचारतात, चमकतं ते सगळं खराबच असतं का?"

डॉक्टर झुंबरकडे वळले. "नसतं. सूज असली, कुठे पू झाला असला तरी चमकतं. उलट काही गाठी अशा, की असूनही चमकत नाहीत. पण तुमचा रक्ताचा आकडा चढतोय, आणि फेब्रुवारीत आठ मिलिमीटर होता तो ठिपका आता चौदा आहे. मी याला तेल म्हणणार नाही."

"म्हणजे परत आला."

"हो. लिव्हरमध्ये आलाय."

मग दुर्गाने तो प्रश्न विचारला, जो मी सहा दिवस कुणालाही विचारू शकले नव्हते. "साहेब, तेव्हाच केलं असतं तर?"

"माहीत नाही, बाई. कदाचित इतक्या लहान ठिपक्यात तेव्हा काही चमकलंच नसतं. कदाचित चमकलं असतं. मी खोटं सांगणार नाही." ते पुढे म्हणाले, "आता प्रश्न एकच आहे. ठिपका एक आहे की अनेक? एक असेल तर तेवढा तुकडा कापून काढता येतो, आणि माणसं त्यानंतर वर्षानुवर्षं जगतात. लिव्हरमध्ये सगळीकडे विखुरलेला असेल तर कापून उपयोग नाही. मग फक्त औषधं. बारीक ठिपके या स्कॅनमध्ये सुटतात. त्यासाठी लिव्हरचा एमआरआय करू."

एमआरआय १५ तारखेला वापीतच झाला. त्याआधी झुंबरने वेगळीच धास्ती घेतली होती. कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं, की एमआरआय म्हणजे मोठा लोहचुंबक आणि पोटातल्या पिना तो खेचून घेईल. ही गोष्ट त्याने मला आदल्या दिवशी दुपारी सांगितली, तीही गुड्डीला फोनवर सांगताना मी ऐकली म्हणून. मी म्हटलं, आपल्याला माहीत नाही तर विचारू. डॉक्टरांना फोन लावला आणि फोन त्याच्याच हातात दिला. पिना टायटॅनियमच्या आहेत, त्यांना चुंबक खेचत नाही, असं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. फोन ठेवून म्हणाला, "चला, एक तरी काम विचारून केलं."

रिपोर्ट मी दोनदा वाचला. मोठा ठिपका एकच होता, चौदा मिलिमीटर. पण लिव्हरच्या डाव्या बाजूला चार मिलिमीटरचं काहीतरी दिसत होतं. ती रक्तवाहिनी असू शकेल, आजारही असू शकेल. यंत्राने तिथे हात टेकले होते.

डॉ. सामंतांनी सुरतच्या लिव्हरच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांना सगळे डॉ. मृणाल म्हणतात. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं हिंदीत. त्यांनी सगळी चित्रं पाहिली आणि सरळ सांगितलं: पोट उघडल्यावर लिव्हरवरच लहानसं यंत्र ठेवून, सगळीकडे फिरवून बघणार. त्यात तीन-चार मिलिमीटरचंही कळतं. दुसरा ठिपका रक्तवाहिनी निघाली तर मोठा काढून टाकणार. पण आणखी ठिकाणी आजार दिसला तर काहीही न कापता पोट बंद करणार.

"ते यंत्र कोणतं?" दुर्गाने विचारलं.

"सोनोग्राफीच असते, पण थेट लिव्हरवर."

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर आम्हाला कधी कळेल?" मी विचारलं.

"काढायचं असेल तर तीन-चार तास लागतात. मी तासाभरात बाहेर आले, तर समजून घ्या."

२९ एप्रिल, सोमवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झुंबरला आत नेलं. स्ट्रेचरवरून त्याने गोकुळला सांगितलं, "माझ्या जागी कुणाला बसवलंस? तो नीट फिरवत नाही, घाई करतो." गोकुळ म्हणाला, "भाऊ, तू आतलं बघ, मी बाहेरचं बघतो." दार बंद झालं.

ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर एक बाक होता आणि दाराच्या वर भिंतीवर घड्याळ. आम्ही दाराकडे तोंड करून बसलो. ते दार उघडू नये म्हणून आम्ही तिघं बसलो होतो. पावणेदहाला पहिल्यांदा वाटलं, की आता दहापर्यंत काही नको. दहाला वाटलं, आता सव्वादहापर्यंत.

दहा वाजून बारा मिनिटांनी दार उघडलं.

हिरव्या कपड्यातला एक माणूस बाहेर आला आणि त्याने आमच्याकडे पाहिलं. दुर्गा उभी राहिली. तो कुणा दुसऱ्याच पेशंटचं नाव घेऊन ओरडला. कोपऱ्यातून एक म्हातारा उठला. दुर्गा पुन्हा बसली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

साडेदहा. पावणेअकरा. गोकुळला राहवेना. "मी सिस्टरला विचारून येतो, आत काय चाललंय."

दुर्गाने त्याच्या शर्टाची बाही पकडली. "नको विचारू. विचारशील तर बोलावशील तिला बाहेर."

तो बसला. त्यानंतर तिने आम्हाला कुणालाच उठू दिलं नाही. चहावाला आला, त्याला हातानेच घालवला. साडेअकरा वाजले तेव्हा ती मोठ्याने श्वास घेताना ऐकू आली. बारा वाजले. मला बाथरूमला जायचं होतं. मी गेले नाही. साडेबारापर्यंत गोकुळ भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता, आणि तो झोपलेला नव्हता, कारण ओठ हलत होते.

एक वाजून वीस मिनिटांनी डॉ. मृणाल बाहेर आल्या. तोंडावरची पट्टी गळ्यात ओढलेली. त्या चालत आमच्यापर्यंत आल्या, आणि तेवढ्या दहा पावलांत मी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच वाचू शकले नाही.

"निकल गया. लेफ्टवाला नस था, बीमारी नहीं. हमने पूरा लिवर देखा, और कहीं कुछ नहीं मिला."

दुर्गाला तीन वाक्यांपैकी पहिलंच ऐकू गेलं असावं. तिने पदर तोंडाशी धरला.

पुढे केमो पुन्हा आहे, दर तीन महिन्यांनी रक्त आहे, स्कॅन आहेत. हे डॉक्टरांनी तिथेच सांगितलं. परत येणारच नाही, असं त्यांनी म्हटलं नाही आणि आम्हीही म्हणवून घेतलं नाही.

संध्याकाळी एकेकाला पाच मिनिटं आत सोडलं. दुर्गाने मला बरोबर ओढलं. सिस्टरने अडवलं नाही. झुंबरच्या नाकात नळी होती, ओठ कोरडे होते. त्याने डोळे उघडले. बायकोला ओळखलं. काहीतरी पुटपुटला, ते कळलं नाही. दुर्गा खाली वाकली.

"किती?" तो म्हणत होता. "किती व्हतात?"

बोलू नका, असं तिने खुणेनं सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं.

तो त्या बोटाकडे बघत राहिला. तिने ते खाली घेतलं नाही. मग त्याने डोळे मिटले, आणि सिस्टरने आम्हाला बाहेर जायला सांगितलं.